'रोबोट' म्हणजे खरंतर वेठबिगार! जगाला हा शब्द देणाऱ्या चापेक बंधूंची गोष्ट

सांगोल्यात बांधकामावर विटा, वाळू, सिमेंटच्या पाट्या वाहणाऱ्या माणसाला काय म्हणतात? बिगारी.

आज बिगारी म्हणजे रोजानं काम करणारा मजूर. संध्याकाळी त्याच्या हातात पैसे पडतात आणि पटलं नाही तर तो दुसऱ्या दिवशी दुसरं काम धरतो. पण हा शब्द ज्या 'बिगार'वरून आलाय तिथं पैशाचा संबंधच नव्हता. वतनदारानं, जहागीरदारानं, सरकारी अंमलदारानं बोलावलं की घरचं काम टाकून जायचं आणि फुकटात राबायचं. नाही म्हणायची सोय नाही. वेठबिगार ती हीच. आजही संप झाला की पेपरात हेडिंग येतं, जनतेला 'वेठीस धरलं'. वेठ कायद्यानं गेली, भाषेत राहिली.

आता जरा लांब जाऊ. युरोपात आजचा चेक रिपब्लिक आहे, तिथंही हीच पद्धत होती. शेतकऱ्यानं आठवड्यातले ठरावीक दिवस जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं. याविरुद्ध १७७५ साली तिथल्या शेतकऱ्यांनी बंड केलं, ते चिरडलं गेलं. शेवटी १८४८ साली ही पद्धत बंद झाली.

चेक भाषेत या वेठबिगारीला नाव होतं, रोबोता.

त्यावरून आला रोबोट.

आज एआय, चॅटबॉट, यंत्रमानव यावर जितक्या कादंबऱ्या आणि पिक्चर निघतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा सांगाडा १९२० सालच्या एका नाटकात सापडतो. ते लिहिणाऱ्या माणसाचं नाव कारेल चापेक. शब्द सुचवला त्याच्या भावानं, योसेफ चापेकनं.

चापेक बंधू म्हटल्यावर आपल्याला पुण्याचे चापेकर बंधू आठवणार. नातं काही नाही, नुसता आडनावाचा योगायोग. पण या दोन भावांची गोष्टही शेवटी एका जुलमी सत्तेपाशीच जाऊन थांबते.

डॉक्टरचा पोरगा, गिरणीचं गाव

कारेल चापेकचा जन्म ९ जानेवारी १८९० चा. गाव बोहेमियातलं, माले स्वातोन्योवित्से. तेव्हा हा सगळा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडील डॉक्टर, आईला लोककथा आणि लोकगीतं गोळा करायचा नाद. तीन भावंडं. थोरली हेलेना, मधला योसेफ आणि शेंडेफळ कारेल.

कारेल लहान असतानाच हे कुटुंब जवळच्या उपित्से गावात राहायला गेलं. हे कापडगिरण्यांचं गाव होतं. गिरणीत राबून आजारी पडलेली माणसं वडिलांच्या दवाखान्यात यायची. योसेफला तर घरच्यांनी विणकामाच्या शाळेत घातलं होतं. चित्रकार होण्याआधी त्यानं काही काळ कापडाच्या कारखान्यात कामही केलं.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे चित्र समजावून सांगायला लागत नाही. गिरणीच्या भोंग्यावर चालणारं गाव काय असतं हे सोलापूरनं पिढ्यान् पिढ्या बघितलंय. सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी आहे. शेकडो हातांनी जे सूत काढायला दिवस लागला असता, ते यंत्र बघता बघता काढतं, हे इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

चापेक भावांनीही तेच पाहिलं. यंत्र काम हलकं करतं हे खरं, पण मग ते चालवणाऱ्या माणसाकडंही यंत्रासारखंच बघितलं जातं, हेही त्यांनी पाहिलं.

शाळेत कारेल हुशार होता, पण साम्राज्याविरुद्धच्या एका गुप्त विद्यार्थी मंडळात सापडला आणि त्याला शाळा सोडावी लागली. मग तो बहिणीकडे ब्रनोला गेला आणि पुढं प्रागला. प्रागच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकला, मधल्या काळात बर्लिन आणि पॅरिसलाही शिकून आला. १९१५ साली त्याला डॉक्टरेट मिळाली.

तोवर पहिलं महायुद्ध पेटलं होतं. त्याच्या वयाची पोरं सरळ फ्रंटवर जात होती. कारेल वाचला तो आजारपणामुळं. त्याला मणक्याचा आजार होता, जो आयुष्यभर सोबत राहिला. त्यामुळं त्यानं लढाई केली नाही, पण रणगाडे, मशीनगन आणि विषारी वायूनं माणसं किड्यामुंगीसारखी मारली गेल्याच्या बातम्या रोज वाचल्या. १९१७ पासून तो पत्रकार झाला आणि मरेपर्यंत पत्रकारच राहिला.

१९१८ ला युद्ध संपलं, साम्राज्य मोडलं आणि चेकोस्लोव्हाकिया नावाचा नवा देश जन्माला आला. दोनच वर्षांनी कारेलच्या डोक्यात एका नाटकाची कल्पना आली.

शब्द सुचला कसा?

हा किस्सा स्वतः कारेलनंच पुढं १९३३ साली पेपरात लिहून ठेवलाय, कारण सगळे लोक या शब्दाचं श्रेय त्याला द्यायला लागले होते.

झालं असं की, कारखान्यात कृत्रिम कामगार तयार होतात अशी नाटकाची कल्पना घेऊन तो भावाकडं गेला. योसेफ तेव्हा चित्र रंगवत होता. कारेल म्हणाला, गोष्ट तर सुचली, पण या कामगारांना नाव काय द्यावं ते कळेना. लॅटिनमधल्या श्रम या अर्थाच्या शब्दावरून 'लाबोरी' असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं, पण ते त्यालाच पुस्तकी वाटत होतं.

योसेफच्या तोंडात ब्रश होता. चित्रावरून नजर न काढता तो तसाच पुटपुटला, मग रोबोट म्हण की.

विषय तिथंच संपला. एका ओळीच्या या बोलण्यातून आलेला शब्द आज जगातल्या बहुतेक भाषांत आहे.

आणि हा शब्द किती नेमका होता बघा. योसेफनं यंत्रावरून नाव दिलं नाही, विजेवरूनही दिलं नाही. त्यानं नाव दिलं ते कामाच्या प्रकारावरून. फुकट राबणारा आणि नाही म्हणू न शकणारा, तो रोबोट.

मराठीत आपण त्याचं 'यंत्रमानव' केलं. शब्द चांगलाय, पण त्यात वेठ दिसत नाही.

नाटकात आहे काय?

नाटकाचं नाव 'आर. यू. आर.', म्हणजे रोसुमचे युनिव्हर्सल रोबोट. ही कंपनीच आहे. रोसुम हे नावही चेक भाषेतल्या बुद्धी या शब्दावरून घेतलंय. १९२० साली ते छापलं गेलं आणि २५ जानेवारी १९२१ ला प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्याचा प्रयोग झाला.

एका बेटावर कारखाना आहे. तिथं रोबोट तयार होतात, पण ते लोखंडाचे नाहीत. एका रसायनापासून तयार केलेल्या मांसाचे आहेत, दिसायला हुबेहूब माणसासारखे. या कारखान्यात नसा आणि शिरा कातायच्या चक्क सूतगिरण्या आहेत. गिरणीच्या गावात वाढलेल्या लेखकाची ही कल्पना.

रोबोटला सगळं येतं, स्मरणशक्ती अफाट. फक्त हौस, राग, प्रेम, मरणाची भीती यातलं काही नाही. कारण कामाला ते लागत नाही आणि त्यानं खर्च वाढतो. २० वर्षं चालतो, बिघडला की भरडून टाकायचा.

कंपनीचा मॅनेजर दोमिन हा काही खलनायक नाही. त्याला मनापासून वाटतं की रोबोट सगळं काम करतील, वस्तू मातीमोल भावात मिळतील, कुणाला पोटासाठी राबावं लागणार नाही. आज एआय कंपन्यांचे मालक स्टेजवर उभं राहून जे स्वप्न दाखवतात, ते जवळपास हेच आहे.

एक बारीक गोष्ट मात्र अंगावर येते. काम करताना रोबोट स्वतःचे हात मोडून घेतात, कारण त्यांना दुखतच नाही. यात कंपनीचं नुकसान. म्हणून तिथला शास्त्रज्ञ त्यांना वेदना देण्याचा प्रयोग करतो. माल खराब होऊ नये म्हणून वेदना. त्यांना सुख द्यावं असं कुणाच्या मनात येत नाही.

मधूनच एखादा रोबोट काम टाकून देतो आणि दात खात उभा राहतो. कंपनीच्या लेखी हा बिघाड आहे. बेटावर आलेल्या हेलेना नावाच्या तरुणीला मात्र वाटतं, हा आत्मा असेल. तिच्या आग्रहावरून काही रोबोटमध्ये बदल केले जातात आणि त्यांना भावना यायला लागतात.

इकडं जगात कामगार बेकार होतात. ते चिडून उठतात तेव्हा सरकारं रोबोटच्या हातात बंदुका देऊन त्यांनाच कामगारांवर सोडतात. मग देश एकमेकांशी लढायलाही रोबोट वापरतात. धोका दिसत असतो, पण ऑर्डर येत असतात आणि भागधारकांना नफा हवा असतो, त्यामुळं कारखाना काही थांबत नाही. शेवटी रोबोट बंड करतात आणि माणसं मारली जातात.

एक सोडून. त्याचं नाव अल्क्विस्ट. तो कंपनीचा बांधकामप्रमुख. मनाला चैन पडेना की हा माणूस परांचीवर चढून स्वतःच्या हातानं विटा रचत बसायचा. रोबोट त्याला जिवंत ठेवतात, कारण तो आपल्यासारखाच हातानं काम करतो एवढं त्यांना कळतं.

म्हणजे अख्ख्या मानवजातीतून वाचला तो एक गवंडी.

पुढं रोबोटची अडचण होते. नवे रोबोट करायची कृती जळून गेलेली असते आणि त्यांना मुलं होत नाहीत. अल्क्विस्टलाही ते जमत नाही. पण शेवटी त्याला दोन रोबोट भेटतात, जे एकमेकांसाठी जीव द्यायला तयार असतात. म्हातारा समजून जातो आणि त्यांना जाऊ देतो.

जगानं रोबोट उचलला, मुद्दा टाकला

नाटक तुफान चाललं. ऑक्टोबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कला, १९२३ मध्ये लंडनला प्रयोग झाले. न्यूयॉर्कच्या प्रयोगात एका मुक्या रोबोटचं काम करणारा पोरगा होता स्पेन्सर ट्रेसी, ज्यानं पुढं दोन ऑस्कर मिळवले. दोन-तीन वर्षांतच जवळपास ३० भाषांत नाटकाचं भाषांतर झालं.

पण कारेलला एक खंत होती. जो तो रोबोटबद्दल बोलत होता. त्याला मात्र माणसांबद्दल बोलायचं होतं. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर वाटतं आणि तरी सगळे मिळून खड्ड्यात जातात, ही त्याची खरी गोष्ट होती. पुढं लोखंडी पत्र्याचे, डोक्यात बल्ब असलेले रोबोट सगळीकडं दिसायला लागले तेव्हा १९३५ साली त्यानं पेपरात वैतागून लिहिलं, की माझे रोबोट असे नव्हते.

त्यानंतर त्याच्या कादंबऱ्या आल्या. १९२२ च्या कादंबरीत एक यंत्र निघतं, जे पदार्थाचा कण न् कण जाळून स्वस्त ऊर्जा देतं, पण त्यातून देवत्व नावाचा धूर बाहेर पडतो आणि माणसं धर्मावरून लढायला लागतात. १९२४ च्या 'क्राकातित'मध्ये एक इंजिनिअर असं स्फोटक शोधतो की ते कुणाच्या हातात पडेल या भीतीनं वेडापिसा होतो. हिरोशिमाच्या २१ वर्षं आधी.

बोलणारे सॅलमँडर

त्याची सगळ्यात मोठी कादंबरी मात्र १९३६ साली आली. 'वॉर विथ द न्यूट्स' या नावानं ती इंग्रजीत प्रसिद्ध आहे.

सुमात्राजवळच्या एका बेटाशी एका जहाजाच्या कप्तानाला समुद्रात राहणारे, सॅलमँडरच्या जातीचे हुशार प्राणी सापडतात. ते शिंपल्यातून मोती काढून देतात. बदल्यात कप्तान त्यांना शार्कशी लढायला सुऱ्या देतो. त्याचा जीव असतो या प्राण्यांवर.

कप्तान मेल्यावर धंदा एका उद्योगपतीच्या कंपनीकडं जातो. मग मोती बाजूला पडतात आणि प्राणीच विकायला निघतात. बंदरं बांधा, समुद्रात भर टाका, कामच काम. ते बोलायला शिकतात, वाचायला शिकतात. तरी त्यांची प्रतवारी लागते. हुशार एका भावानं, अंगानं दणकट दुसऱ्या भावानं, मोडीत काढलेले तिसऱ्या भावानं. सांगोल्याच्या बाजारात खिलार बैलाचे दात, वशिंड, चाल बघून भाव ठरतो, तसाच हा बाजार. फरक इतकाच की इथं विकला जाणारा स्वतः पेपर वाचू शकतो.

आता एआयच्या जागी ठेवून बघा. शिकवलं तेवढं शिकणारी, आपल्याच भाषेत बोलणारी, आपल्यापेक्षा जास्त काम करणारी हुशारी. तिला हक्क द्यायचे की नाही यावर परिषदा भरतात, विद्वान निबंध लिहितात आणि दरम्यान विक्री चालूच राहते. प्रत्येक देश तिच्या हातात शस्त्रं देतो, कारण शेजाऱ्यानं दिलेली असतात. शेवटी त्यांना राहायला उथळ किनारा कमी पडतो आणि ते जमिनीच बुडवायला लागतात. लागणारी स्फोटकं माणसंच विकतात आणि पैसाही माणसांच्याच बँका पुरवतात.

या कादंबरीत पोवोंद्रा नावाचा एक साधा दरवान आहे. अगदी सुरुवातीला तो कप्तान उद्योगपतीला भेटायला येतो, तेव्हा या दरवानानं त्याला आत सोडलेलं असतं. त्याला त्याचा अभिमान असतो. जग बुडायला लागतं तेव्हा हाच म्हातारा म्हणत राहतो की चूक माझी, मी दार उघडायला नको होतं. ज्यांनी अब्जावधी कमावले त्यातल्या कुणाला असं वाटत नाही.

जर्मनी दारात

ही कादंबरी सॅलमँडरची होती, पण रोख हिटलरवर होता हे सगळ्यांना कळत होतं. १९३३ पासून शेजारी जर्मनीत नाझी सत्तेवर होते.

कारेल हा राष्ट्राध्यक्ष मासारिक यांचा जवळचा माणूस. दर शुक्रवारी त्याच्या घरी लेखक, पत्रकार, प्राध्यापकांची बैठक बसायची आणि स्वतः मासारिकही तिथं यायचे. बाकी हा माणूस साधा. बागेत रमणारा, निवडुंग जमवणारा, स्वतःच्या कुत्रीच्या पिल्लावर लहान मुलांसाठी पुस्तक लिहिणारा. १९३५ साली त्यानं अभिनेत्री ओल्गा शाइनप्फ्लुगोवाशी लग्न केलं. ओळख १५ वर्षांची होती, आजारपणामुळं लग्न लांबत गेलं होतं. नोबेलसाठी त्याचं नाव अनेकदा गेलं, मिळालं कधीच नाही.

सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला करार झाला. ब्रिटन आणि फ्रान्सनं चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला. ज्या देशाचा प्रश्न, त्याला बैठकीत जागासुद्धा नव्हती. त्यानंतर देशातल्याच लोकांनी कारेलवर राग काढला. जुन्या सरकारचा माणूस म्हणून निनावी पत्रं, शिव्या, धमक्या. आजच्या भाषेत सांगायचं तर ट्रोलिंग. देश सोडून जायचा सल्ला मिळाला, पण तो गेला नाही.

२५ डिसेंबर १९३८, नाताळच्या दिवशी, न्यूमोनियानं तो गेला. वय ४८.

मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. गेस्टापोचे लोक त्याला अटक करायला घरी आले, असं सांगतात. तो मेलाय हे त्यांना माहीत नव्हतं.

योसेफ मात्र सापडला. हुकूमशहांवर व्यंगचित्रं काढणाऱ्या या चित्रकाराला १ सप्टेंबर १९३९ ला, दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच दिवशी, अटक झाली. दाखाऊ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउसेन आणि शेवटी बेर्गेन-बेल्सेन. एप्रिल १९४५ मध्ये त्या छावणीची सुटका होण्याच्या सुमाराला तो तिथंच मेला. त्याची कबरही नाही.

नाझींच्या या छावण्यांत माणसांना आकडे दिले जायचे, मरेपर्यंत फुकट राबवलं जायचं आणि निकामी झाले की संपवलं जायचं. जगाला रोबोट हा शब्द देणाऱ्या माणसाच्या वाट्याला शेवटी त्या शब्दाचा मूळ अर्थ आला.

मग आज याचं काय?

चापेकनंतर रोबोटची गोष्ट बदलत गेली. अमेरिकेत आयझॅक असिमोवनं १९४२ च्या एका कथेत रोबोटसाठी तीन नियम मांडले, त्यातला पहिला नियम माणसाला इजा करायची नाही हा. १९५० ला त्याचं 'आय, रोबोट' आलं. आर्टिफिशियल इंटेलिजन्स हे नाव १९५० च्या दशकाच्या मध्यात रुळलं. मराठीत जयंत नारळीकरांनी 'वामन परत न आला' ही कादंबरी लिहिली. वामन हा त्यातला यंत्रमानव. बुटका, पण तीन पावलांत सगळं व्यापणारा. नावातच इशारा आहे.

या गोष्टींत बहुतेकदा प्रश्न असतो, यंत्र आपलं ऐकेल का? चापेकचा प्रश्न त्याच्या आधीचा होता. आपल्याला असं कुणी का हवंय, जे फक्त ऐकेल?

भारतात वेठबिगारी संपवणारा कायदा १९७६ साली आला. म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. आणि आजचं एआयसुद्धा हवेतून शिकत नाही. फोटोंवर खुणा करणारे, घाणेरडा मजकूर बघून बाजूला काढणारे, उत्तरं तपासणारे हजारो लोक भारतात, केनियात, फिलिपिन्समध्ये तुटपुंज्या पैशावर हे काम करतात. त्यांची नावं कुठल्याच ॲपवर येत नाहीत.

चापेकच्या नाटकात दोमिनला वाटायचं, काम ही शिक्षा आहे, ती गेली की माणूस देव होईल. अल्क्विस्टला वाटायचं, काम वाईट नाही, सक्ती वाईट. नाटकात शेवटपर्यंत टिकला तो अल्क्विस्ट.

बिगार गेली पण बिगारी राहिला, तो रोज घेऊन आणि नाही म्हणायचा हक्क घेऊन. एआय आल्यावर हा हक्क कुणाकडं राहणार, हा प्रश्न कारेल चापेकनं शंभर वर्षांपूर्वीच विचारून ठेवलाय.